मानेतून येणारं दूध

"बाळाच्या घशातनं नळी खाली जाईना झालीया," असं आष्ट्याहून फोनवर कळलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हा: "कुणी काय चाटवलं तिला?"

फोनवर विहीणबाई होत्या, माझ्या सुनेची आई. सुनेचं पहिलं बाळंतपण, त्यामुळं रीतीप्रमाणं ती माहेरी आष्ट्याला गेली होती. सकाळी नात झाल्याचा निरोप आला आणि मी इकडं उंब्रजजवळच्या आमच्या गावात बर्फी सांगून मोकळी झाले. दुपारी हा दुसरा फोन.

"काय बी चाटवलं न्हाई ओ. देवाशपथ."

न मागता कुणी शपथ घातली की माझा संशय वाढतोच. तीस वर्षं मी अंगणवाडी चालवली. पहिल्या तासात अंगावर पाजा, मध नको, गूळपाणी नको, गुटी नको, हे सांगून सांगून माझा घसा बसला. प्रत्येक आजी मान डोलवायची, शपथ घ्यायची, आणि बाळाच्या ओठाला बोट लावलं की चिकट लागायचं. त्यामुळं शपथेचं कौतुक मला कुणी सांगू नये.

सून आष्ट्याच्या दवाखान्यात टाके घालून पडलेली आणि बाळाला अँब्युलन्समधून सांगलीला हलवलेलं. मुलगा फौजेत, पार वर सरहद्दीला. रजा मंजूर होऊन तो यायला चार दिवस लागणार होते. माझे मालक जाऊन सहा वर्षं झाली. म्हणजे सही करायला मीच. कराडात गाडी बदलून सांगलीला पोचले, तर बाळ काचेच्या पेटीत. तोंडातून पांढरा फेस येत होता. नर्स तो मशीननं ओढून काढायची, पाच मिनिटांत परत तोंड भरायचं. तो फेस बघितला आणि मी पेटीपासून दोन पावलं मागं सरले. कुणाला काही बोलले नाही. विहीणबाई कोपऱ्यात उभ्या होत्या, त्यांच्यावर डोळे वटारले, तेवढंच.

ऑपरेशन करणारे डॉक्टर वयानं माझ्या मुलाएवढे, बोलायला तोडून. त्यांनी केसपेपर पालथा केला आणि त्यावर दोन रेघा ओढल्या. मधे मोकळी जागा ठेवली.

"ही अन्ननलिका. वरचा तुकडा इथं येऊन बंद झालाय. खालचा इथून सुरू होतो. मधे काही नाही. पोटात असतानाच ती अशी तयार झाली."

"कुणी काही चाटवल्यामुळं?"

"नाही. चाटवल्यानं असं होत नाही. पण चाटवलं असेल तर ते छातीत उतरतं, म्हणून मलाही माहीत पाहिजे. दिलंय का काही?"

मी विहीणबाईंकडं बघितलं. त्यांनी फरशीकडं बघितलं.

"फोटोत छाती स्वच्छ दिसतेय," डॉक्टर म्हणाले. "नसणार दिलं."

हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. मला वाटलं, आष्ट्याचे डॉक्टर आणि हे एकमेकांच्या ओळखीचे असणार, सांभाळून घेताहेत.

पुढं त्यांनी सांगितलं ते असं. बहुतेक बाळांत ही दोन टोकं जवळ असतात, पहिल्याच ऑपरेशनात शिवता येतात. हिच्यात अंतर फार होतं. ओढून शिवलं तर टाके फाटणार. म्हणून आत्ता पोटाला भोक पाडून तिथं नळी बसवायची, दूध त्या नळीतून. वरचा बंद तुकडा मानेच्या डाव्या बाजूला बाहेर काढायचा, म्हणजे लाळ साचून छातीत जाणार नाही. पोरगी नऊ किलोची झाली की जठर वर ओढून गळ्याशी जोडायचं.

"जगेल का?"

"सांभाळलं तर जगेल."

तो 'तर' मला अजिबात आवडला नाही. डॉक्टरांनी पुढं आमच्यावर ढकलायला जागा करून ठेवलीय, असं मनात आलं. सही करायच्या आधी मी वॉर्ड झाडणाऱ्या मावशींना जिन्यात गाठलं. दवाखान्यातली खरी खबर त्यांच्याकडंच असते, माझा अनुभव आहे.

"कसा हाय हो हा डॉक्टर?"

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला. "हात लय चांगला हाय. तोंड वाईट हाय. करा सही."

मग केली. ऑपरेशन पार पडलं. तिसऱ्या दिवशी सून पोटाचे टाके सांभाळत आली आणि पेटीच्या काचेला हात लावून उभी राहिली. चौथ्या दिवशी मुलगा आला. पोरीच्या पोटातली नळी, मानेवरचं ते लाल भोक बघून पेटीपाशीच उभा राहिला. त्याच्या कानाशी लागून मी म्हटलं, पुण्याच्या मिलिटरी हॉस्पिटलात दाखवू या का? तो म्हणाला, "आई, एकावर तरी भरवसा ठेव की." रजा संपल्यावर गेला तो परत. राहिलो आम्ही तिघी.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी सुनेला आणि मला समोर बसवलं.

"पोटाच्या नळीतून दूध सोडाल, त्याच वेळी तोंडानंही द्यायचं. चमच्यानं, थोडं थोडं. ते मानेतून बाहेर येईल. येऊ दे. खाली फडकं धरा."

"बाहेरच येणार तर द्यायचं कशाला?" मी विचारलं.

"गिळायला शिकावं म्हणून. पोट भरतंय आणि तोंड चालतंय, हे तिला एकत्र कळलं पाहिजे. वर्षभर तोंड रिकामं राहिलं, तर मी जोडून दिल्यावरही ही गिळणार नाही. एका पेशंटच्या घरच्यांनी मधेच बंद केलं. जोडून दोन वर्षं झाली, ते पोर अजून घास बघितला की ओकतं. अजून पोटाच्या नळीवरच आहे. मला तुमच्याकडं तसं नकोय. हे चुकलात तर माझं ऑपरेशन फुकट."

सुनेनं मान हलवली. मीही हलवली.

आमच्या गावी घरी आल्यावर सून अंगावरचं दूध वाटीत काढायची. सुईशिवायची मोठी पिचकारी पोटाच्या नळीला लावून, वर धरून, त्यात दूध ओतायचं. ते आपल्या आपण हळूहळू उतरायचं. ते बघायला मला काही वाटत नव्हतं. पण सून चमचा तोंडाला लावायची, पोरगी चुटुचुटु ओढायची, घसा हलायचा, आणि मानेच्या भोकातून ते दूध बुडबुडे होऊन बाहेर यायचं. ते मला बघवेना. मी उठून चुलीपाशी जाऊन बसायची. पाचव्या दिवशी मी सांगून टाकलं, "तोंडानं द्यायचं बंद."

"आत्या, डॉक्टर म्हणलेत की."

"डॉक्टरला काय कळतंय आपल्यातलं? ही फडकी धुतीस ते पाणी मोरीत जातंय. अंगावरचं दूध मोरीत गेलं, पायदळी आलं, की आटतं. मग नळीत काय घालशील?"

ती माझ्याकडं बघतच राहिली. बघणारच. अंगणवाडीच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं 'आईचं दूध आटत नाही' असं लिहिणारी बाई मी. तिनं ते लिहिलेलं वाचलं होतं. पण सासूपुढं काय बोलणार, चमचा धुऊन ठेवला. संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला, त्यांनीही माझीच री ओढली, व्हय की ओ, आटतंयच. आमचं दोघींचं एकमत झालेलं ते पहिलंच.

आता सुनेबद्दल सांगते. बी.ए. झालेली, कामाला वाघ, पण बोलणं मोजकं. मला बडबडी माणसं परवडतात, त्यांच्या पोटात काय आहे ते तासाभरात ओठावर येतं. ही हो म्हणाली की खरंच हो म्हणाली की नुसती मान हलवली, हे मला लग्नापासून कळलेलं नाही. महिना गेला, दोन गेले. ती रोज अकराच्या सुमाराला आणि चारच्या सुमाराला पोरीला घेऊन गोठ्याच्या मागं जायला लागली. दुधाची वाटी, पिचकारी पदराखाली.

"कुठं निघालीस?"

"कावळं दाखवून आणते तिला. घरात किरकिर करतीया. तिथंच पाजते."

दोनदा कावळे, रोज, ठरल्या वेळेला. मी काय दूधखुळी आहे? मी लक्ष ठेवायला सुरुवात केली. जुन्या पातळाची मी बारा फडकी करून दिली होती. दोरीवर मोजली तर दहा. गोठ्यामागच्या कढीपत्त्याच्या बुडाशी मुंग्यांची रांग लागलेली, आधी कधी नव्हती. मी गेले की ती फोनवर आवाज बारीक करायची. एकदा 'आत्यांना म्हाईत न्हाई' एवढं कानावर पडलं. मग मात्र माझी झोप उडाली.

पहिला संशय देवऋषाचा. तिच्या माहेरकडची कुणीतरी तसली बाई येऊन गोठ्यामागं अंगारा लावून जात असणार. पोरीला अंघोळ घालताना मी कंबर, दंड, घोटे सगळं तपासलं. दोरा नाही, राखेचा ठिपका नाही. दुसरा संशय फार वाईट होता आणि तो मनात आला याची मला अजून लाज वाटते, पण आला होता, तर सांगते. मला वाटलं, ही थकली. इतके महिने नळी, फडकी, पू, चिकटपट्टी. पहिली मुलगी, तीही अशी. नळीतलं दूध हिनं मागं नेऊन ओतून टाकलं तर कोण बघायला आहे? म्हणून कढीपत्त्याला मुंग्या.

दर सोमवारी मी अंगणवाडीतला जुना लटकता काटा तुळईला अडकवून पोरीला झोळीत घालून वजन करायची. वजन वाढत होतं. हळू, पण वाढत होतं. ते बघून माझा संशय गेला असेल असं वाटतं का? मला वाटलं काटा बिघडला. पाच किलो गव्हाची पिशवी आणून त्यावर लटकवून बघितली. काटा बरोबर होता.

पोरगी सहा महिन्यांची झाली असेल. एका दिवशी अकराला सून मागं गेली तशी मी गोठ्याला वळसा घालून पलीकडनं गेले. म्हशीच्या आडून बघितलं.

सून कढीपत्त्याखाली पाट टाकून बसली होती. पिचकारी तिनं सुतळीच्या फासात घालून फांदीला टांगली होती, त्यातून दूध पोटात उतरत होतं. पोरगी मांडीवर बसती केलेली, ताठ, छातीवर ती दोन गायब झालेली फडकी. एका हातात चमचा. दुसऱ्या हातानं मानेखाली वाटी धरलेली. चमचा तोंडाला लागला की पोरगी ओठ पुढं काढून ओढायची, गिळायची, आईकडं बघून हसायची. मानेतून दूध वाटीत. वाटी भरली की सून ती झाडाच्या बुडाशी ओतायची, मोरीत नाही, कुणाच्या पायाखाली नाही. माझं सांगणं तिनं पाळलं होतं आणि डॉक्टरांचंही.

हे सगळं मी आत्ता शांतपणे लिहितेय. तेव्हा मला फक्त चमचा दिसला आणि पोरीच्या तोंडातलं दूध दिसलं. मी धावत गेले आणि तिच्या हातावर फटका मारून चमचा उडवला.

"मारतीस का काय पोरीला? जीव घेतीस तिचा?"

पोरगी दचकून रडायला लागली. सुनेनं आधी नळीला चिमटा लावला, पोरीला खांद्यावर घेतलं, थोपटलं. मग माझ्याकडं बघितलं. रागानं बघितलं असतं तर मी भांडले असते.

"आत्या," ती म्हणाली, "दूध आटंल म्हणून तुमी बंद केलं न्हाई. तुमी कशाला तरी भ्याताय. पहिल्या दिवसापास्नं बघतीया मी, चमचा दिसला की तुमी उठून जाताय."

म्हणजे मी तिच्यावर नजर ठेवून होते तेव्हा ती माझ्यावर ठेवून होती. मी गोठ्याच्या कठड्यावर बसले. आणि जे मी माझ्या मुलांनाही कधी सांगितलं नव्हतं, ते तिला सांगितलं.

माझं पहिलं पोर मुलगा होता. मी एकोणीस वर्षांची. आमचं गाव तेव्हा सगळ्यापासून लांब, घरीच सुईणीच्या हातानं बाळंत झाले. पोरगं दिसायला चांगलं होतं, पण तोंडातून सारखा फेस. सुईण पुसायची, म्हणायची, जाईल. मी अंगावर घेतलं. दोन घोट ओढले आणि दूध नाकातनं परत आलं, पोरगं काळंनिळं पडलं. उलटं धरलं, पाठीवर थापटलं, आलं शुद्धीवर. परत पाजलं, परत तेच. तेव्हा मला उठून बसायचं त्राण नव्हतं, मी कुशीवर पडूनच पाजत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाजता पाजताच ते गेलं.

सासूबाईंनी सगळ्यांपुढं सांगितलं, हिनं आडवं पाजलं, नाकातोंडात दूध घालून मारलं. मी रडायला लागले तर म्हणाल्या, "मारायचं आपणच आन् रडायचं बी आपणच?" मग मी रडले नाही. त्या पुढं पंचवीस वर्षं जगल्या आणि घरात कुणी पाहुणी बाळंतीण आली की तिला सांगायच्या, बसून पाज बाई, हिच्यागत करू नको. मालक बाजूला बसून ऐकायचे. पुढची तीन पोरं मी भिंतीला पाठ लावून, ताठ बसून पाजली. डोळा लागेल म्हणून शेजारी तांब्या ठेवायची आणि डोळ्यांना पाणी लावायची. अंगणवाडीत बायकांना पाजायचं कसं ते शिकवताना माझ्याइतकं बारीक कुणी शिकवत नाही, असं सुपरवायझर म्हणायच्या. त्यांना काय माहीत.

सुनेनं माझं सांत्वन केलं नाही. ती पोलिसासारखं विचारत गेली.

"फेस जन्मल्यापास्नंच हुता?"

"व्हय."

"पाजायच्या आदी बी?"

"आदी बी."

"आन् पाजलं की निळं?"

"व्हय गं."

तिनं पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "आत्या, ही बी तशीच हुती. आष्ट्यात नळी घालून बघितली म्हणून कळलं. न्हाईतर मी बी पाजलंच असतं."

हे मला सांगलीला काचेच्या पेटीपाशीच कळलं होतं. तो फेस मी ओळखला होता. पण ते कबूल करायची मला छाती झाली नाही. मला वाटलं, म्हातारपणी सुटका करून घ्यायला माझंच मन ही गोष्ट रचतंय. जन्मभर लोकांवर संशय घेतला, पण पहिला स्वतःवर घेतला होता आणि तो कुणी पुरावा दिला तरी सोडायची माझी तयारी नव्हती.

पुढच्या तपासणीला सुनेनं मला न विचारताच डॉक्टरांपुढं विषय काढला. मग मलाच सगळं सांगावं लागलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवून ऐकलं.

"आता इतक्या वर्षांनी खात्रीनं कुणीच सांगू शकत नाही," ते म्हणाले. "पण तुम्ही सांगताय ती लक्षणं हीच आहेत."

"मी आडवं पाजलं होतं."

"आडवं पाजून हजार बायका पोरं वाढवतात. रस्ताच नसेल तर बसून पाजलं असतं तरी तेच झालं असतं."

मला लगेच शंका आली, सुनेनं आधी फोन करून यांना पढवून ठेवलं असणार. तसं मी तोंडावर म्हटलंसुद्धा. डॉक्टर भडकले. "आजी, कुणाला बरं वाटावं म्हणून बोलायची मला सवय नाही. विचारा बाहेर कुणालाही." ते खरं होतं. झाडणाऱ्या मावशींनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तरीपण परत येताना गाडीत मी इस्लामपूरपर्यंत विचार करत होते की हा माणूस खोटं बोलला असेल तर का.

त्यानंतर चमचा घरात आला. सून स्वयंपाकघरातच पाजायला लागली, दूध, मग भाताची पेज, डाळीचं पाणी. पोरगी आमटीच्या वासानं पाय झाडायची. मी मानेखाली वाटी धरायची आणि मीच ती कढीपत्त्याला घालून यायची. पण चमचा मी हातात घेतला नाही. सुनेला ताप होता तेव्हाही शेजारणीला बोलावलं, मी घेतला नाही.

तेराव्या महिन्यात काट्यावर नऊ किलो भरले. मुलगा महिन्याची रजा काढून आला. ऑपरेशन सकाळी सुरू झालं ते दुपारचं जेवण टळून गेलं तरी चालू. मुलगा बाहेर उभाच, ड्युटीवर असल्यासारखा. मी प्रत्येक आतबाहेर करणाऱ्या नर्सचं तोंड बघत होते, कोण नजर चुकवतंय ते. नंतर काही दिवस श्वासाच्या मशीनवर. मग मशीन काढलं. मग रंगाचं औषध पाजून फोटो काढला, जोडलेल्या जागी कुठं गळतंय का ते बघायला. नर्स म्हणाली, गळत नाहीये. मी म्हटलं, मला फोटो दाखवा. दाखवला. मला त्यातलं काही कळलं नाही, पण दाखवला हे बरं झालं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, आज तोंडानं सुरू करा. त्यांनी असंही सांगितलं की जोडणं त्यांच्या हातात होतं, गिळणं हिच्या. आज कळेल. आणि ते दुसऱ्या पेशंटकडं गेले. नर्सनं कोमट पेजेची वाटी आणि चमचा आणून ठेवला. मुलगा कँटीनला डबा आणायला गेला होता. सुनेनं वाटी उचलली आणि माझ्या हातात दिली.

"तुमी द्या."

"मी न्हाई."

"तुमीच द्यायचं. मी दिलं आन् गेलं खाली, तर तुमाला खरं वाटायचं न्हाई. म्हणशीला, हिनं कायतरी केलं."

ती बोलली ते खरं होतं. मी पोरीला पलंगावर बसवलं, मागं उशी लावली. नर्सला तीनदा विचारलं, अशी बरोबर बसलीय ना? तिसऱ्यांदा ती वैतागली. मी चमच्यात थेंबभरच घेतलं. त्यातलंही निम्मं तिच्या झबल्यावर सांडलं.

चमचा लागला तसे तिनं ओठ पुढं काढले. रोजच्यासारखे. ओढलं, घसा हलला. मी तिच्या मानेकडं बघितलं. तिथं आता टाके होते, काही आलं नाही. नाकाकडं बघितलं. ओठांचा रंग बघितला, नखांचा बघितला. पोरगीही गोंधळली असावी. तिनं आपला हात मानेला लावून चाचपलं आणि बोटांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघून तोंड उघडलं.

"आत्या, मागतीया ती."

मी दुसरा चमचा दिला. तिसरा दिला. प्रत्येक चमच्याला मी थांबत होते आणि पोरगी चिडून माझ्या मनगटाला ओढत होती. नर्स म्हणाली, पहिल्या दिवशी एवढं पुरे, आता थांबा. वाटीत तळाला थोडी राहिली होती. मी ती खाली ठेवली आणि मला रडू फुटलं. डोळ्यांत पाणी वगैरे नाही, मोठ्यानं, पदर तोंडात कोंबूनही थांबेना असं. शेजारच्या पलंगावरची माणसं उठून बघायला लागली.

नर्स जवळ आली. "आजी, आता कशाला रडता? नात गिळायला लागली की तुमची. हसायचं सोडून रडता काय?"

सुनेनं तिला हातानं मागं सारलं. "रडू द्या त्यांना, सिस्टर," ती म्हणाली. "त्यांचं पोरगं गेलंय."